गोतावळ्यातला ट्रॅक्टर आता कुठं असेल?

मागच्या महिन्यात एक रील समोर आलं. गावाकडचं परसदार, कोपऱ्यात जुना ट्रॅक्टर. टायर कुणीतरी काढून नेलेले, रिमा दगडांवर टेकवलेल्या. बॉनेटच्या जाळीतून वेल वर आलेला, सीटवर कोंबडी. मावळतीचं ऊन, मागं बासरी, आणि हळूच अक्षरं उमटतात: आठवणींना गंज चढत नाही.

चढतो की. सगळ्यात आधी तिथंच चढतो.

तरी ते रील मी तीनदा पाहिलं, हे कबूल करतो. गंजाचा रंग कॅमेऱ्याला आवडतो. गंजलेल्या पत्र्यावर तिरकं ऊन पडलं की फोनमधला साधा फोटोही भारी दिसतो. अशा रील्सचा, फोटोंचा, 'गावाकडची ओढ' छापाच्या पोस्टींचा आता आपल्याकडं एक वेगळा प्रकारच तयार झालाय. त्यात जुनी जीप असते, राजदूत असते, हँडल तुटलेली एम-एटी असते, विहिरीवरचं इंजिन असतं, उसाचा चरक असतो. माणूस नसतो. असलाच तर पाठमोरा, धोतरातला, काठी टेकत चाललेला.

मला खटकतं ते एवढंच, की ही वस्तू तिथं का उभी आहे, हा प्रश्न त्या चौकटीत कुणालाच पडत नाही. जणू ट्रॅक्टर म्हणजे झाड आहे, उगवलं तिथंच वाळलं.

सांगली-साताऱ्याकडं राहिलेल्या कुणालाही विचारा. आमच्याकडं लोखंड असंच पडून राहत नाही. भंगारवाल्याचा टेम्पो स्पीकर लावून आठवड्याला वस्तीवरून जातो. बिडाचा भाव वेगळा, लोखंडाचा वेगळा, पत्र्याचा वेगळा, आणि तांबं-पितळ असेल तर तो चहा प्यायलाही थांबतो. मेलेल्या यंत्रातून आधी बॅटरी जाते, मग स्टार्टर आणि डायनामोतलं तांबं, मग रेडिएटर. टायर कापून गव्हाण होते किंवा वादळात पत्रा उडू नये म्हणून छपरावर जाऊन बसतं. इतकं सगळं सोलून झाल्यावरही जो सांगाडा उभा राहतो, तो दुर्लक्षामुळं नाही. त्याला न्यायचं की नाही, यावर कुणाचं तरी एकमत झालेलं नसतं.

कारणं ऐकाल तर थक्क व्हाल. ट्रॅक्टर बँकेच्या कर्जावर घेतलेला असतो. आरसी बुकावर बँकेचं नाव, आणि जमीन तारण असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा. ट्रॅक्टरचं इंजिन बसतं, हप्ते थकतात, व्याज मात्र चालू राहतं. यंत्र मेलेलं आणि बोजा जिवंत. तो विकायचा तर बँकेच्या ना-हरकतीशिवाय कागद होत नाही, आणि ना-हरकत मागायला गेलं की आधी थकबाकीचा आकडा पुढं येतो. मग तो परसातच बरा. दुसरं कारण वाटणीचं: तीन भावांत एक ट्रॅक्टर. जमिनीचे तीन तुकडे पडतात, ट्रॅक्टरचे पाडता येत नाहीत. तिसरं कारण मला फार आवडतं. त्याच मॉडेलचा दुसरा ट्रॅक्टर गावात अजून चालत असतो, आणि हा उभा असलेला त्याला एकेक अवयव देत असतो. कधी गिअर, कधी एक्सलचा नट. मेस्त्री रात्री येऊन खोलून नेतो, बदल्यात कधी पैसे देतो, कधी नांगरट करून देतो. तुमच्या रीलमधला 'आठवणींचा' ट्रॅक्टर म्हणजे बऱ्याचदा चालू स्थितीतलं स्पेअर पार्टचं दुकान असतं.

ही सगळी कादंबरीची सामग्री आहे. मग मराठी साहित्यात ती कुठं आहे, असं शोधायला गेलो की हाताला पहिलं पुस्तक लागतं ते 1971 सालचं. आनंद यादवांचं 'गोतावळा'.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नारबा हा मळ्यावरचा गडी. त्याचं सगंसोयरं म्हणजे मळ्यावरची जनावरं. सगळी कादंबरी तोच सांगतो, कोल्हापूरकडच्या बोलीत, आणि जनावरांबद्दल बोलताना त्याची भाषा घरच्या माणसाबद्दल बोलावं तशी होते. मग मालक ट्रॅक्टर आणतो. गोठ्यातली जनावरं एकामागून एक मळ्यावरून जातात, आणि आपणही इथं आता उपरे झालो हे नारबाला कळत जातं. ग्रामीण कादंबरीत यांत्रिकीकरणाची एवढी खाजगी, एवढ्या आतून सांगितलेली गोष्ट दुसरी नाही. पन्नास वर्षांनंतरही ती वाचताना गोठ्याचा वास येतो.

नारबाच्या नजरेत ट्रॅक्टर परका आहे. तो खात नाही, आजारी पडत नाही, हाक मारली तर मान वळवत नाही. नारबाला तो तसाच दिसणार, यात यादवांची काही चूक नाही. चूक झाली ती नंतर, आपली, वाचणाऱ्यांची आणि लिहिणाऱ्यांची. एका गड्याची नजर आपण नियम करून टाकली. बैल म्हणजे जीव, यंत्र म्हणजे निर्जीव. बैल गेला की शोक, यंत्र आलं की अरिष्ट. 'टिंग्या' (2008) हा मंगेश हाडवळेंचा सुंदर सिनेमा आहे. जायबंदी झालेल्या चितंग्या बैलाला खाटकाकडं जाऊ द्यायचं नाही म्हणून एक पोरगं जिवाचं रान करतं, आणि थिएटरात सगळे रडतात. मीही रडलो. पण इंजिन बसलेल्या ट्रॅक्टरपाशी रात्री कंदील घेऊन बसलेला बाप, हे दृश्य आपल्या पडद्यावर आल्याचं मला आठवत नाही. मी मात्र ते दृश्य गावात दोनदा पाहिलंय.

'सैराट'मध्ये (2016) आर्ची ट्रॅक्टर चालवत येते तेव्हा शिट्ट्या पडल्या. त्या दृश्यात ट्रॅक्टर म्हणजे सत्ता, बापाची जमीन आणि पोरीची मस्ती. यंत्राचा तो नेमका उपयोग आहे. पण तो चालता ट्रॅक्टर आहे, नवा, धुतलेला. येणारं यंत्र आपल्याला लिहिता येतं, मिरवणारं यंत्र दाखवता येतं. 'गोतावळा'त आला तो ट्रॅक्टर आज पन्नाशी ओलांडून कुठल्या तरी परसात उभा असेल, त्याची पुढची गोष्ट मात्र कुणी लिहिली नाही. त्याच्याभोवतीही एक गोतावळा जमला होताच. पहिला ड्रायव्हर, जो आमच्याकडं तरी अनेकदा जुन्या गड्याचाच मुलगा असायचा. तालुक्याचा मेस्त्री. डिझेल उधार देणारा पंपवाला. बँकेचा वसुलीवाला. कॅनभर पाणी घेऊन रेडिएटरपाशी धावणारं पोरगं. नारबाची जनावरं गेली आणि त्या जागी ही माणसं आली. त्यांच्या बोलीत, त्यांच्या तोंडून एखादी कादंबरी यायला हवी होती.

हे न होण्याचं आश्चर्य जास्त वाटतं, कारण मराठी मासिक आणि लोखंडी नांगर एकाच घरात वाढलेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला खपेनात. लोखंडानं जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, हा किस्सा किर्लोस्करांच्या कहाणीत नेहमी सांगितला जातो. 1910 साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून नांगर, चरक, पंप गावोगाव गेले. त्याच वाडीतून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. सुरुवात कारखान्याच्या खबरबातीनं, आणि पुढं त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, ज्यात मराठीतल्या कितीतरी लेखकांनी लिहिलं. 1930 ला 'स्त्री' निघालं तेही तिथूनच. म्हणजे नांगराच्या फाळाबरोबर कथा, लेख, वादविवाद घरात येत होते. वस्तू एकीकडं गेली, साहित्य दुसरीकडं. आमच्या भागात अजून एखाद्या बांधात अर्धा पुरलेला बिडाचा नांगर सापडतो. त्याच्यावरची उठावदार अक्षरं बोटांनी चाचपून वाचता येतात. मासिकाचे जुने अंक मात्र रद्दीत गेले. नांगर जास्त टिकला.

यंत्र मराठी कवितेत आलं नाही असं नाही. मर्ढेकरांनी यंत्रयुग कवितेत आणलं, सुर्व्यांनी गिरणी आणि कामगार आणला. पण ते यंत्र शहरातलं. गावाचं काम निसर्ग सांभाळणं, असं जणू वाटून दिलेलं. गावात यंत्र शिरलं की ते भेसळ वाटतं, आणि मोडून पडलं, त्यावर वेल चढला, की एकदम निसर्गात जमा होतं. मगच ते सुंदर दिसायला लागतं. रीलवाल्यांचं सौंदर्यशास्त्र असं ग्रामीण साहित्याकडूनच आलंय, फक्त त्यांना ते माहीत नाही.

यंत्रावरचा शोक कसा करायचा हे बघायचं असेल तर ऋत्विक घटकांचा 'अजांत्रिक' बघा. 1958 चा सिनेमा, सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरचा, आताच्या झारखंडातला. बिमल नावाचा एक चिडका टॅक्सीवाला आणि जगद्दल नावाची त्याची खटारा शेव्हरोले गाडी. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की गाडी माणसासारखी घटाघट पिते, तसा आवाज घटकांनी लावलाय. लोक हसतात, पोरं चिखल फेकतात, बिमल भांडतो. शेवटी गाडी भंगारात जाते. पण त्याआधी घटक आपल्याला खर्च दाखवतात. बिमल साठवलेले पैसे ओततो, नवे पार्ट आणतो, गाडी नीट करतो आणि ती तरीही दगा देते. दुरुस्ती दाखवल्यामुळं त्या सिनेमातलं दुःख कमावलेलं वाटतं. शेवटी गाडीचा भोंगा एका बारक्या पोराच्या हातात सापडतो, ते तो वाजवत बसतं, आणि बिमल रडता रडता हसतो. गंजाचा एकही 'सुंदर' शॉट न घेता हे साधलंय.

आता तुम्ही म्हणाल, तीस सेकंदांच्या रीलकडून घटकांची अपेक्षा कशाला? बरोबर आहे. प्रत्येक फोटोनं सातबारा जोडावा असं माझंही म्हणणं नाही. पण रीलमधली नजर रीलमध्ये राहत नाही. ती हायवेला लागून असलेल्या 'गावरान' हॉटेलांत आणि कृषी पर्यटनाच्या गेटवर पोचलीये. गेटला बैलगाडीची चाकं, जात्यावर फुलदाणी, आणि अलीकडं दर्शनी भागात विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन. ऑइलपेंट मारलेलं, फ्लायव्हील लाल, बाकी काळं, पायथ्याला पांढरे गोटे. पोरं त्यावर चढून फोटो काढतात. इंजिनाची तोटी कुठली, पाणी कुठून यायचं, पट्टा कशावर चढायचा, काही लिहिलेलं नसतं. मालकालाही माहीत नसतं. यंत्राला रंग लागला की त्याचं तोंड बंद होतं.

असंच एक गिऱ्हाईक दिवाळीच्या आधी आमच्या वस्तीवर आलं, म्हणून हा लेख.

आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं एक इंजिन आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर आजोबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं मिळून घेतलेलं. त्याआधी मोट होती. विहिरीचं पाणी दोघांत निम्मं निम्मं, चार-चार दिवसांची पाळी. विहिरीचा हिस्सा सातबाऱ्यावर आहे, आठ आणे इकडं आठ आणे तिकडं. इंजिनाची नोंद कुठंच नाही. ते दोन भावांच्या बोलण्यावर आलं आणि बोलण्यावर चाललं.

या इंजिनाबद्दल मला सगळ्यात जास्त आजीकडून कळलं. डिझेलचा डबा डोक्यावरून तीच न्यायची. रात्रीची पाळी असली की आजोबा रानात, आणि ती घरात इंजिनाच्या आवाजावर झोपायची. आवाज चालू तोवर झोप लागायची. बंद पडला की जाग. पाणी बदलायला थांबवलं असेल तर थोड्या वेळानं पुन्हा टुकटुक सुरू होणार. नाही झालं तर कंदील घेऊन कुणीतरी निघायचं, कारण एकट्या माणसानं रात्री हँडल मारताना ते उलट फिरून मनगट मोडल्याच्या गोष्टी वस्तीवर होत्या. यंत्र निर्जीव, हाक मारली तर मान वळवत नाही, वगैरे मी आजीसमोर बोललो असतो तर ती हसली असती. तिला त्याचा श्वास मोजता यायचा.

नंतर वीज आली, मोटर बसली, इंजिन बंद पडलं. आमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट एवढीच. शाळेच्या पुस्तकातल्या प्रगतीच्या धड्यासारखी. खोपीचं छप्पर गेलं, इंजिन उघड्यावर आलं. बेंदराला बैलांना असतो तसा यंत्रांचा सण आमच्याकडं खंडेनवमीला. ट्रॅक्टर, मोटर, फवारणीचा पंप, हल्ली वडील मोबाइलही ठेवतात. विहिरीवरच्या इंजिनालाही झेंडूची माळ पडते, बंद पडून पस्तीस वर्षं झाली तरी. ती वडील घालतात असं मी धरून चाललो होतो. यंदा मी आधी गेलो, तर माळ आधीच घातलेली होती. आमची दुसरी.

पर्यटनवाल्या गिऱ्हाइकानं भंगाराच्या दुपटीहून जास्त पैसे सांगितले. वडील हो म्हणतील असं वाटलं होतं, पैशाची गरज आहे. ते म्हणाले, "एकट्याचं न्हाई ते." आजोबांच्या धाकट्या भावाचे थोरले म्हणजे आमचे तात्या. आमचं-त्यांचं बोलणं मला कळतंय तेव्हापासून बंद. लग्नकार्यात समोरासमोर जेवतात, पण बोलत नाहीत. मग विषय तिथंच राहिला आणि गिऱ्हाईक दुसऱ्या वस्तीकडं गेलं.

या लेखासाठी इंजिनाचा फोटो काढावा म्हणून मी सकाळी विहिरीवर गेलो. ऊन तिरकं होतं, गंजाचा रंग झकास आला होता. एवढं सगळं लिहून झाल्यावरही पहिला फोटो मी रीलवाल्यांसारखाच काढला, खालून, आभाळ मागं घेऊन. मग पितळी पट्टीवरची अक्षरं थुंकी लावून पुसत बसलो. तेवढ्यात मागं तात्या. सत्तरी ओलांडलेला माणूस, खांद्यावर वैरणीचा भारा.

"काय वाचतूयास?"

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी थेट बोलत होते. मी म्हणालो, "एचपी किती ते बघतोय, तात्या."

"पाच. त्याच्याखाली फेऱ्या लिवल्यात, ते पुसलंय." भारा खाली टाकला. इंजिनाला वळसा घालून आले, मागचा एक नट दाखवला. "ह्यो आपला न्हाई. ह्यो ट्रॅक्टरचा हाय, मेस्त्रीनं बशिवल्याला. त्यानं त्याल गळाय लागलं."

मी म्हणालो, "मग वीज आल्यावर बंदच केलं ना?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. "वीज? वीज दोन वर्सांनी आली. पाळीवनं भांडान झालं तवा आमच्या आण्णांनी हँडल काडून नेलं. हँडलबिगर चालू कसं हुईल? तुज्या आज्ज्यानं मागितलं न्हाई, आमीबी दिलं न्हाई. दोन वर्सं दोन्ही घरांची रानं वाळली."

"कुठंय ते हँडल?"

"हाय की. आमच्यात माळ्यावर, पोत्यात."

आता फिरेल का, असं मी विचारलं. त्यांनी फ्लायव्हीलला दोन्ही हात लावून जोर केला. हललं नाही.

"जाम झालंय," ते म्हणाले. "वरनं डिझेल सोडून ठिवाय लागंल, चार दिस." आणि भारा उचलायला मला हात लावायला सांगितला.